ग्लायडर लूप मारतोय? नाकातलं वजन वाढवू नकोस, काढ

प्रश्न एनसीसी एअर विंगमधल्या दुसऱ्या वर्षाच्या एका कॅडेटचा आहे. तिने साडेचारशे मिलिमीटर पंखांचा, २८ ग्रॅमचा, बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचा चक ग्लायडर, म्हणजे हाताने फेकायचं बिनमोटरचं विमान, स्वतः बनवला आहे. हळू सोडला तर तो छान तरंगत जातो. जोरात फेकला की मात्र हातातून सुटताच नाक वर करतो, गोल लूप मारतो आणि तिच्याच मागे येऊन आपटतो. तिने नाकात क्ले वाढवली, त्यामुळे ग्लायडर खाली जायला लागला म्हणून शेपटी जरा वर वाकवून ग्लाइड पुन्हा जुळवला, तर लूप आणखी घट्ट झाला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा दोन महिन्यांवर आहे आणि हवेत राहण्याची वेळ आठ-नऊ सेकंदांच्या पुढे सरकत नाही. काय चुकतंय, असं तिने विचारलंय.

तुझ्या हातून जे झालं ते जवळजवळ प्रत्येकाच्या हातून होतं. माझ्याही हातून पहिला अख्खा हिवाळा तेच झालं. नाक वर जातंय, म्हणजे नाक हलकं आहे, म्हणजे तिथे वजन टाका, हा विचार अगदी सरळ वाटतो. चक ग्लायडरला औषध नेमकं उलटं लागतं. नाकातलं वजन काढायचं आणि शेपटीला दिलेला वरचा बाक जवळजवळ सरळ करायचा. हे का, ते एकदा डोक्यात बसलं की पुढचं ट्रिमिंग, म्हणजे वजन आणि कोन जुळवणं, त्यातूनच सुचत जातं, म्हणून आधी तिथेच थांबतो.

तुझ्या ग्लायडरचे आकडे घेऊ. पंखाचं क्षेत्रफळ साधारण ४०० चौरस सेंटिमीटर भरेल. २८ ग्रॅमचा असा ग्लायडर शांत हवेत सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास वेगाने तरंगतो. तू जीव लावून फेकलास तर हातातून सुटताना त्याचा वेग सेकंदाला २२ मीटरपर्यंत जातो, म्हणजे पाचपट. हवेचं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे पंचवीसपट. तरंगताना जो पंख २८ ग्रॅम उचलत होता, तोच त्याच कोनात फेकीच्या क्षणी ७०० ग्रॅम उचलायला बघतो. २८ ग्रॅमची वस्तू पाऊण किलोच्या जोराने वर ओढली गेली तर ती लूप मारणारच.

आता शेपटीकडे बघ. नाक जड असेल तर ग्लाइडमध्ये ते खाली पडू नये म्हणून शेपटीला मागून खाली दाबत राहावं लागतं. तू शेपटी वर वाकवलीस ती यासाठीच. तरंगण्याच्या वेगाला ही दाब अगदी बेताची असते. फेकीच्या वेगाला तीच पंचवीसपट होते आणि नाक वर फेकलं जातं. नाक जितकं जड, तितकी शेपटीची दाब जास्त आणि लूप तितका लहान. तू वजन वाढवलंस, बाक वाढवलास आणि लूप घट्ट झाला, तो असा. उलट सीजी (ग्लायडरचा तोलबिंदू) मागे घेतलास तर शेपटीला दाबण्यासारखं फारसं काही उरत नाही. थोड्याची पंचवीसपट थोडीच राहते. शिवाय नाक वर वळायला लागलं की शेपटी खाली झुलते, हवा तिला खालून अडवते आणि ते वळणं मंदावतं. सीजी मागे असताना ही अडवणूकच वरचढ ठरते.

चक ग्लायडरला दोन आयुष्यं जगावी लागतात. पहिली दोन-तीन सेकंदं फेकलेल्या दगडासारखी आणि उरलेली सगळी पिसासारखी. मधे कोणी हात लावणारं नसतं, मोटर नसते, रेडिओ नसतो. एकाच ट्रिममध्ये दोन्ही बसवायचं, या एका गोष्टीसाठी मी इतकी वर्षं पहाटे उठून माळावर जातो.

यासाठी लागणाऱ्या दोन किल्ल्याही जुन्याच आहेत. सर जॉर्ज केली यांनी इंग्लंडमध्ये १८०४ साली सुमारे दीड मीटर लांबीचा ग्लायडर बनवला होता. पुढे पतंगाचाच पंख, मागे कोन बदलता येणारी शेपटी आणि सीजी हलवण्यासाठी सरकवता येणारं वजन. वजन आणि शेपटीचा कोन. तुझ्या हातातही याच दोन आहेत, आणि त्या नेहमी जोडीने फिरवायच्या असतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. ग्लायडरचा सीजी आत्ता कुठे आहे ते बघ. पंखाखाली दोन बोटांची टोकं लावून तोल साध. बहुतेक तो पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या एकतृतीयांशावर असेल, कारण मोठ्या विमानांबद्दल वाचताना तसंच वाचायला मिळतं. चक ग्लायडरला तो खूप पुढे आहे. तुझा पंख मुळाशी १०० मिलिमीटर रुंद असेल आणि शेपटीचं क्षेत्रफळ पंखाच्या पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्त असेल, तर सीजी सुरुवातीला ५० मिलिमीटरवर आण. तिथून दर वेळी दोन-तीन मिलिमीटर मागे. माझे बरेचसे ग्लायडर ५५ ते ६० मिलिमीटरच्या मधे कुठेतरी स्थिरावतात. तुझी शेपटी लहान किंवा बूम (पंखामागचा दांडा) आखूड असेल तर इतकं मागे जाता येणार नाही.

दर वेळी क्ले काढलीस की हळू सोडलेला ग्लायडर स्टॉल व्हायला लागेल, म्हणजे नाक वर, थांबला, खाली पडला, पुन्हा वर. तेव्हा क्लेला हात लावायचा नाही, शेपटी सरळ करायची. शेपटी चिकटवलेली असेल तर सांधा हलक्या हाताने सोडव आणि तिच्या पुढच्या कडेखाली कागदाची पट्टी सरकव. वहीचा साधा कागद एक दशांश मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. शेपटी ५० मिलिमीटर रुंद असेल तर एका कागदाने तिचा कोन जेमतेम एक नवमांश अंशाने बदलतो. इतका बारीक बदल हाताने वाकवून कधीच जमत नाही, आणि आपल्याला नेमका तेवढाच हवा असतो. पट्टी पुढच्या कडेखाली घातली की नाक खाली, मागच्या कडेखाली घातली की नाक वर. किती कागद घातले ते पंखावरच पेन्सिलीने लिहून ठेव.

शेपटी सोडवायची नसेल तर बाल्सा श्वासाने वाकवता येतो. मागची कडा दोन्ही अंगठ्यांच्या मधे धर, तोंड जवळ नेऊन आरशावर वाफ सोडतो तसा गरम श्वास तीन-चार वेळा सोड, हव्या त्या बाजूला किंचित पीळ दे आणि वीसपर्यंत मोजेस्तोवर तसंच धरून ठेव. सोडल्यावर लाकूड अर्धंअधिक परत येतं, उरलेलं टिकतं. दुपारच्या उन्हात मात्र तेही सुटत जातं. म्हणून श्वासाचा उपाय मैदानावरचा, कागदाचा कायमचा.

सीजी पुरेसा मागे आला की नाही हे तपासायला मी एक फेक करतो. गवतावर उभं राहून, पंख आडवे ठेवून, जमिनीला समांतर, ग्लाइडपेक्षा दुप्पट वेगाने सरळ फेकायचं. ग्लायडर झटकन नाक वर करून उभा राहिला तर अजून वजन काढायचं आहे. लांबवर सरळ जात हळूहळू वर चढला, वेग कमी झाल्यावर नाक खाली घेऊन तरंगायला लागला, तर जागा सापडली. वर चढायचं नावच घेत नसेल, नाक खाली करून गवतात घुसत असेल, तर तू जास्त मागे गेली आहेस. दोन मिलिमीटर पुढे ये. ही फेक पाच वेळा केल्याशिवाय निष्कर्ष काढू नकोस, कारण हात दर वेळी सारखा सुटत नाही.

इतकं झालं की लूप निम्मा गेलेला असेल. उरलेला निम्मा फेकीच्या कलाने जातो. तू ग्लायडर बहुतेक पंख आडवे ठेवून वर फेकतेस. उजव्या हाताने फेकणाऱ्याने ग्लायडर उजवीकडे कलता धरायचा असतो, म्हणजे सुटताना उजवा पंख खाली, डावा वर, कल तीस ते पंचेचाळीस अंश. नाक वर साधारण पंचेचाळीस अंश आणि दिशा वाऱ्याच्या किंचित उजवीकडे. असं फेकलं की जे बळ लूप मारायला निघालेलं असतं, तेच त्याला उजवीकडे मोठ्या वळणाने वर घेऊन जातं. जिना चढावा तसा तो चढतो. वर पोचेपर्यंत वेग संपत येतो, पंख सपाट होतात आणि तो डावीकडे वळून तरंगायला लागतो. उजवीकडे चढाई, डावीकडे ग्लाइड. डावखुऱ्यांनी सगळं आरशातल्यासारखं उलटं घ्यायचं.

वर गेल्यावर त्याला डावीकडे वळवतं कोण? नवखे लोक रडर, म्हणजे उभ्या शेपटीची मागची कडा, डावीकडे वाकवतात. पण रडरचा जोरही वेगाच्या वर्गानेच वाढतो. ग्लाइडमध्ये जेमतेम वळवणारा रडर फेकीच्या वेळी ग्लायडरला डावीकडे पालथा करतो. रडर द्यायचाच तर केसाएवढा द्यावा. वळवण्याचं खरं काम आडव्या शेपटीच्या कलाकडे द्यायचं. मागून बघितल्यावर शेपटीचं डावं टोक उजव्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर दिसलं पाहिजे. ग्लायडर वर उचललेल्या टोकाच्या बाजूला वळतो. सीजी मागे आल्यामुळे ग्लाइडमध्ये ही शेपटी थोडी उचल देत असते आणि कलती असल्यामुळे ती उचल मागचा भाग बाजूला ढकलते. फेकीच्या वेळी शेपटीवर उचल जवळजवळ नसते, त्यामुळे तिचा कलही तेव्हा फारसं काही करत नाही. दोन आयुष्यांपैकी एकातच काम करणारी ही जोडणी मला या साध्या लाकडी वस्तूतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

दुसरी तशीच गोष्ट डाव्या पंखाच्या आतल्या भागाला दिलेला पीळ. मुळाजवळच्या भागाची मागची कडा एक-दीड मिलिमीटर खाली, यालाच वॉश-इन म्हणतात. फेकीच्या वेगात हा पीळ डावा पंख वर उचलतो, म्हणजे ग्लायडरला उजवीकडे कलता ठेवून चढाईला मदत करतो. ग्लाइडमध्ये डावीकडे गोल फिरताना तोच पंख आतल्या बाजूला असतो, हळू चालतो आणि खाली पडायला बघतो, तेव्हा त्याला टेकू देतो. हा पीळ नसेल तर थर्मलच्या, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या, धक्क्यात ग्लायडर आत कलंडतो आणि भोवऱ्यासारखा खाली येतो. दोन्ही पंखांच्या टोकांना मात्र मागची कडा किंचित वर ठेव, म्हणजे टोकं आधी स्टॉल होत नाहीत.

आता पूर्ण ताकदीआधी निम्म्या ताकदीच्या फेकी. मी नवीन ग्लायडरच्या निम्म्या ताकदीच्या पंधरा-वीस फेकी झाल्याशिवाय हात मोकळा सोडत नाही. प्रत्येक फेकीला फक्त वरच्या टोकाकडे बघायचं, तिथला एक सेकंद सगळं सांगून जातो. वर पोचून शेपटीवर उभा राहिला, थबकला आणि दहा मीटर खाली कोसळून मग सावरला, तर फेक फार सरळ वर होती किंवा कल कमी होता. आधी कल वाढव, मग लागलंच तर शेपटीचं टोक आणखी एक मिलिमीटर उचल. उजवीकडेच वळत राहिला आणि उजव्या पंखावर घसरत खाली आला, तर कल जास्त झाला. वर न जाताच डावीकडे पालथा झाला, तर रडर जास्त आहे. वर पोचून नाक खाली घातलं आणि सावरलाच नाही, तर सीजी फार मागे आहे. फेकताच पंखातून फर्र असा आवाज आला, तर पंख लवचिक आहे, तो मधोमध मोडायच्या आत बाजूला ठेव. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे सगळेच सांगतात. मी एवढंच जोडतो की बदल केल्यावर पहिली फेक मोजू नये. बदल केलेला असतो म्हणून हातही नकळत वेगळा सुटतो.

डावीकडच्या ग्लाइडचं वर्तुळ बारा ते पंधरा मीटर व्यासाचं असावं. यापेक्षा लहान झालं तर उंची भराभर जाते, फार मोठं झालं तर ग्लायडर थर्मलमधून सरळ बाहेर निघून जातो.

फेकीबद्दल अजून थोडं. सीमारेषेवरून यष्टिरक्षकाच्या हातात चेंडू जावा तशी ही फेक आहे, नुसत्या मनगटाची नाही. चार-पाच पावलं धावायचं, डावा पाय रोवायचा, कंबर, खांदा, कोपर अशा क्रमाने जोर पुढे यायला हवा. तर्जनी उजव्या पंखाच्या मागच्या कडेला, मुळाशी टेकलेली असते आणि शेवटचा जोर तीच देते. तिथला बाल्सा चार दिवसांत चुरगळतो, म्हणून बोट टेकतं तिथे पॉलिश पेपरचा नखाएवढा तुकडा फेव्हिक्विकने चिकटव. पकडही सुटत नाही आणि कडाही टिकते. घामाच्या दिवसांत या तुकड्याने मला प्रत्येक फेकीत एखादा मीटर मिळवून दिलाय असं माझं मत आहे. आणि खांदा आधी तापव. थंड खांद्याने पहिलीच फेक पूर्ण ताकदीने करणाऱ्या चांगल्या मुलांना मी दोन-दोन महिने घरी बसलेलं बघितलंय. दिवसाला तीस पूर्ण फेकी पुष्कळ झाल्या.

हवेचा रोध नसता तर २२ मीटर वेगाने सरळ वर फेकलेली वस्तू २५ मीटरच्या जवळ गेली असती. आपला ग्लायडर १५ मीटर गेला तरी चांगली फेक समज. तिथून तो सेकंदाला पाऊण मीटर या दराने खाली येतो, म्हणजे वीस सेकंद. तुझे आठ-नऊ सेकंद आणि हे वीस, यातलं अंतर निव्वळ ट्रिमचं आहे, त्यासाठी नवीन ग्लायडर लागत नाही. विसाच्या पुढे जायचं तर पंख चांगला हवा आणि हवा वाचता यायला हवी.

पंखाचं म्हणशील तर लाकूड निवडण्यात निम्मं काम होतं. बाल्सा मुख्यतः इक्वाडोरमधून येतो आणि एकाच गठ्ठ्यातल्या दोन शीट वजनाला दुपटीने वेगळ्या निघतात. छोटा डिजिटल काटा घेऊनच दुकानात जा. ६ मिलिमीटर जाड, ७५ रुंद, ९१५ लांब अशी शीट ४० ग्रॅमच्या आसपास भरली तर पंखाला घ्यावी. ६५ ग्रॅमची असेल तर धडाला चालेल, पंखाला नको. मग शीट उजेडात तिरकी धर. पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखे चमकदार ठिपके दिसले तर ती सी-ग्रेन, रुंदीच्या बाजूने ताठ आणि सहसा न पिळवटणारी. पंख आणि शेपटी तिचीच करायची. लांब सरळ रेषाच दिसत असतील आणि रुंदीत सहज वाकत असेल, तर ती नळ्या वळवायला चांगली, आपल्याला निरुपयोगी.

पंखाचा खालचा भाग सपाट ठेव. वरची सगळ्यात जाड जागा पुढच्या कडेपासून पंचवीस ते तीस टक्क्यांवर, मुळाशी ६ मिलिमीटर, टोकाशी दोनपर्यंत उतरत जाणारी. तिथून मागे जवळजवळ सरळ उतार, मागची कडा अर्ध्या मिलिमीटरवर. जाड, गोलसर, मोठ्या विमानासारखा पंख करायचा मोह होतो, पण आपल्या आकाराला आणि वेगाला रेनॉल्ड्स आकडा (आकार आणि वेगावरून हवा कशी वागेल ते सांगणारा) पंचवीस हजारांच्या आसपास, म्हणजे फार लहान असतो. इथे हवा जाड, फुगीर पृष्ठभागाला धरून राहत नाही, लगेच सुटते. पातळ पंखच जिंकतो. रंध्याने मोठा माल काढ, मग लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने, नेहमी लांबीच्या दिशेने, आणि दर चार हातांनी खिडकीच्या उजेडात धरून सावलीची रेषा सरळ पडते का बघ. बोटांखाली पेपर धरून घासू नकोस, लाटा उठतात.

पंखाचे चार तुकडे करून टोकांना जास्त डायहेड्रल, म्हणजे वरच्या दिशेचा कोन, दिलेला मला आवडतो, पण मधोमध एकच कोन असलेला साधा व्ही आकारही चालेल. सांधे घासून कोन जुळल्याशिवाय गोंद लावू नकोस. फेव्हिकॉलचा पातळ हात देऊन पुसून वाळव, मग दुसरा हात देऊन जोड. असा सांधा आजूबाजूच्या लाकडापेक्षा पक्का होतो. शेवटी सँडिंग सीलर किंवा डोपचे (लाकूड सील करणाऱ्या लेपाचे) दोन पातळ हात दोन्ही बाजूंना सारखेच. बाल्सा दमट हवेत पाणी पितो आणि एकाच बाजूने सील केलेला पंख रात्रीत पिळवटतो. कोकणातले आणि गोव्यातले मित्र याने फार हैराण होतात. पुण्या-नगरकडे हा त्रास पावसाळ्यापुरता.

स्पर्धेच्या आधी नियमपत्रक नीट वाच. पंखांची मर्यादा, फेकी किती, सर्वांत लांब फेक धरतात की बेरीज, हे प्रत्येक आयोजक वेगळं ठरवतो. सभागृहात असेल तर छत ही मर्यादा आहे. तिथे १५ ग्रॅमच्या आतला हलका ग्लायडर आणि छताच्या जरा खाली थांबणारी फेक लागते. त्या प्रकाराला एफ१एन हा आंतरराष्ट्रीय वर्गही आहे. पंखाच्या टोकाला धरून थाळीफेकीसारखं गिरकी घेऊन फेकणं सन २०००च्या सुमारास रेडिओने ग्लायडर चालवणाऱ्यांनी रूढ केलं आणि त्यांच्या एफ३के वर्गात दीड मीटर पंख आणि ६०० ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. त्याने उंची खूप जास्त मिळते, पण पंख आणि बूम कार्बनने मजबूत करावे लागतात. दोन महिन्यांत त्यात शिरू नकोस.

मैदानावर असेल तर हवा वाचणं हीच स्पर्धा. ट्रिमिंग सकाळी साडेसहा ते साडेआठ, हवा मेलेली असताना. दहाच्या पुढे माळ तापतो आणि थर्मल सुटायला लागतात, त्या वेळी ट्रिम बदलायची नाही, कारण दिसतं ते हवेचं असतं, ग्लायडरचं नसतं. बांबूच्या काठीला जुन्या कॅसेटची हातभर फीत बांध आणि वारा येतो त्या बाजूला वीस-पंचवीस पावलांवर रोव. थर्मल येतो तेव्हा आधी वारा पडतो, फीत लोंबते, गालाला ऊब लागते, मग फीत हळूच वर उचलली जाते. फेकायची वेळ ती. लगेच नंतर गार झुळूक येते, म्हणजे थर्मल पुढे गेला आणि त्याच्याकडे हवा ओढली जातेय. त्या झुळकीला फेकू नकोस, ग्लायडर खाली जाणाऱ्या हवेत सापडतो.

घारींवर लक्ष ठेव. पंख न हलवता गोल फिरणारी घार वाऱ्याच्या वरच्या बाजूला असेल तर तो थर्मल वाहत तुझ्याकडे येतोय. आणि रुईच्या म्हाताऱ्या. उन्हाळ्याच्या तोंडाला माळावर त्या उडत असतात, आडव्या जात असतील तर थांब, तिरक्या वर जायला लागल्या की फेक. माझ्याकडे महागडी यंत्रं नाहीत आणि मला म्हातारीइतकं खरं बोलणारं यंत्र माहीतही नाही. तीन फेकी असतील आणि वेळेचं बंधन नसेल तर वीस मिनिटं नुसती उभी राहायची तयारी ठेव. आजूबाजूचे फेकून मोकळे होतील, परीक्षक घड्याळाकडे बघतील, तरी थांब. दुसऱ्या कुणाचा ग्लायडर तुझ्यासमोर वर जाताना दिसला तर मात्र धाव आणि त्याच्याच खाली जाऊन फेक.

थर्मलमध्ये नीट बसलेला ग्लायडर परत येत नाही. माझा आजवरचा सर्वांत चांगला ग्लायडर असाच गेला. सहा मिनिटं घारींच्या सोबतीने फिरत होता, मग ठिपका झाला, मग दिसेनासा. मला त्याची अजून आठवण येते. मोठ्या स्पर्धांत यासाठी डी-थर्मलायझर लावतात. सिलिकॉन तेलाचा किंवा पुट्टीचा छोटा टायमर ठरलेल्या वेळी शेपटी टपकन वर उचलतो आणि ग्लायडर सपाट, झोके खात खाली येतो. तुझ्या २८ ग्रॅमवर तो दोन ग्रॅमने वाढेल, या वेळी नको. त्याऐवजी पंखाखाली फोन नंबर लिही आणि पंखाची वरची बाजू एका भडक रंगाने रंगव. हिरव्या पिकात केशरी दिसतो, वाळलेल्या गवतात काळा.

ग्लायडर दूर उतरताना दिसला तर डोळे न हलवता त्याच रेषेतलं क्षितिजावरचं एक झाड किंवा विजेचा खांब पकड, जिथे उभी आहेस तिथे चप्पल काढून ठेव आणि सोबतच्या मैत्रिणीला त्याच रेषेत चपलेच्या थोडं मागे उभं कर. मग त्या झाडाकडे सरळ चालत जा, मधे ज्वारी असो की बांध. वाट चुकलीस असं वाटलं तर मागे वळून चप्पल आणि मैत्रीण एका रेषेत दिसतात का बघ. ग्लायडर नेहमी वाटतो त्याहून पुढे उतरलेला असतो, म्हणून जिथे असेल असं वाटतं तिथून अजून पन्नास पावलं गेल्याशिवाय परत फिरू नकोस.